उद्याच्या जखमेचं आवतण

अख्ख्या पनवेल तालुक्यात कुणाचंही बोट कापलं तर ते आधी माझ्या सासऱ्यांना कळतं आणि मग ज्याचं बोट आहे त्याला! मी वाढवून सांगतोय असं ज्यांना वाटतं, त्यांनी विचुंब्यातल्या कुणालाही विचारावं. अहो, माझं स्वतःचं मेडिकल आहे तिथे. बी. फार्म. झालेला माणूस मी, भिंतीवर फ्रेम केलेलं रजिस्ट्रेशन, काचेच्या कपाटात पट्ट्या, कापूस, मलमं, सगळं ओळीनं लावलेलं. आणि काउंटरच्या बाहेर, पायरीला लागून एक निळं प्लास्टिकचं स्टूल. त्या स्टुलावर परवापरवापर्यंत माझे सासरे बसायचे. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि नजर सरळ येणाऱ्याच्या हातापायांवर. माणसाचं तोंड ते सगळ्यात शेवटी बघायचे. बँडेज मागायला आलेलं गिऱ्हाईक माझ्यापर्यंत पोचायच्या आत ते मध्येच उचलायचे आणि बिल्डिंगच्या मागे घेऊन जायचे. माझ्या धंद्याला इतका जवळचा शत्रू दुसऱ्या कुणाचा नसेल, आणि तो मी हुंडा न घेता मिळवला होता.

बिल्डिंगच्या मागे काय? तर दगडी पाला. तुम्हीही तो हजारदा तुडवला असेल. लांब बारीक दांडी, टोकाला मधे पिवळं नि कडेला पांढरट असं एवढंसं फूल, खाली दातेरी केसाळ पानं. कुणी त्याला एकदांडी म्हणतं, कुणी आणखी काही म्हणतं, बहुतेक लोक काहीच म्हणत नाहीत. सासरे मात्र त्याच्याकडे बघताना असे खुलायचे की माझ्या लग्नात ते माझ्याकडे बघून तेवढे खुलले नव्हते. चार पानं खुडायची, धुवायची, डाव्या तळव्यावर ठेवून उजव्या अंगठ्यानं चुरायची, हिरवा रस जखमेवर पिळायचा, चोथा वर दाबायचा आणि मग आकाशाकडे बघत शंभर आकडे मोजायचे. आकडे जखमी माणसानंच मोजायचे, मोठ्यानं. "मोजतान माणूस रडत नाय," हे त्यांचं शास्त्र. शिवाय पाल्याच्या शेजारी घायमारी होती, जिची पानं तव्यावर जरा शेकून ठेचेवर बांधायची. कोरफड होती, हरळी होती. उन्हाळ्यात कुणाचा घोळणा फुटला की हरळीचा रस काढायला ते असे धावायचे की नाकातून रक्त येणारा माणूस मागे राहायचा आणि "बाबा, हळू!" म्हणून ओरडायचा. तुरटीचा खडा तर सदऱ्याच्या खिशात कायमचा, चष्म्याच्या बरोबर. त्यामुळे चष्म्याची काच नेहमी खरखरीत.

एकदा खारघरच्या कॉलेजातला एक पोरगा बाइकवरून घसरून आला. गुडघा सोललेला, जीन्स फाटलेली, पण ती आधीपासून फाटलेली होती की आता, ते काही कळायला मार्ग नव्हता. मला म्हणाला, "अंकल, सिर्फ बँड-एड." मी कपाट उघडलं न उघडलं तोच स्टुलावरून प्रश्न आला, "डांबरावर पडलास का खडीवर?" पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी डोळे मिटून घेतले. पुढची वीस मिनिटं मागून हिंदी आकडे ऐकू येत होते, एक-दो-तीन करत शंभरपर्यंत, आणि मध्ये बाबांचं, "छप्पन राहिला, पुन्हा बोल!" पोरगा हिरवा गुडघा घेऊन बाहेर पडला. म्हटलं, सुटला बिचारा. दुसऱ्या दिवशी तोच पोरगा तीन मित्रांना घेऊन हजर! कुणालाही काहीही लागलेलं नाही. "वो दादाजी किधर हैं?" मी त्यांना खोकल्याच्या चार गोळ्या देऊ केल्या, त्यांनी घेतल्या नाहीत.

पण एक सांगतो, आणि हे मी फार्मासिस्ट म्हणून सांगतोय, जावई म्हणून कौतुक नाही. त्या माणसाला स्वतःची हद्द माहीत होती. तळोज्याच्या एका कारखान्यातला कामगार शिफ्ट सुटल्यावर आला होता, हाताला फडकं गुंडाळलेलं. बाबांनी फडकं जरासं उचललं, आत बघितलं आणि पुन्हा घट्ट दाबलं. "ही माझी नाय," म्हणाले. "ही टाक्याची." आणि स्वतः त्याच्याबरोबर रिक्षात बसून दवाखान्यात गेले, त्याचा हात वर धरून. लहान जखमेलासुद्धा पाला बांधून झाला की धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी ते माणसाला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेऊन सोडायचे. "पाला माझा, सुई डॉक्टरची." डॉक्टरांची आणि त्यांची या वाटणीवरून छान दोस्ती होती. भांडण काय ते घरच्या औषधवाल्याशी!

आता खरी गंमत सांगतो. आवतणाची. त्यांच्या घराण्यात रीत अशी की औषधाचं झाड न विचारता खुडायचं नाही. आदल्या संध्याकाळी जायचं, झाडाच्या पायाशी हळदीच्या अक्षता टाकायच्या आणि जेवायला बोलवावं तसं आवतण द्यायचं, की उद्या अमक्याच्या दुखण्यासाठी या. दुसऱ्या दिवशी खुडायचं. "न सांगता कुनाच्या घरात घुसून त्याला कामाला लावायचा? ती काय रीत झाली?" त्यांना त्यांच्या वडिलांनी हेच शिकवलं होतं. ठीक आहे, जुन्या दुखण्याला हे जमतं. पण बोट कापायचं असेल तर ते आदल्या दिवशी कळवतं का हो? मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांना या पेचात पकडलं. वाटलं, आता म्हातारा अडकला! ते शांतपणे म्हणाले, "म्हनून तर रोज देतंय."

रोज! दिवेलागणीला ते मुठीत अक्षता घेऊन मागे जायचे आणि अजून न झालेल्या जखमांसाठी दगडी पाल्याला आवतण द्यायचे. नुसतं मोघम नाही, नावानिशी. मी कान देऊन ऐकलंय. "उद्या शनवार हाय, पोरा किरकेट खेलतील, दोन गुडघं धरा. तिसऱ्या माल्यावरची बाय नवीन सुरी घेऊन आलीय, तिच्यासाठी या. वॉचमन गवत काढनार हाय, त्याचा अंगठा. आनि आमचं जावय." जावय रोज! एक दिवस चुकला नाही. "जावय खोकी फोरतान, हात सांभालीत नाय." मी बायकोला म्हटलं, "तुझे वडील रोज संध्याकाळी मला जखम व्हावी म्हणून प्रार्थना करतात." ती म्हणाली, "प्रार्थना नाही, तयारी करतात. तुम्ही कटर कसा धरता ते बघितलंय का स्वतः?" बाप-लेक एक, दुसरं काय. गोविंदाच्या आदल्या संध्याकाळी तर ते अक्षतांची अख्खी वाटी घेऊन जायचे आणि पाऊण तास परत यायचे नाहीत. सूर्य बुडाल्यावर मात्र झाडाला हात लावायचा नाही. तेव्हा ती झोपलेली असतात. झोपलेल्याला आवतण कसं दिलेलं चालतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ही जागा म्हणजे काही बाग नव्हती. बिल्डिंगची मागची भिंत आणि कंपाउंड यांच्यामधला सहा फुटांचा पट्टा. पण आमची बिल्डिंग उभी आहे ती बाबांच्या शेतावर. आजूबाजूची शेतं गेली तशी तीही गेली, त्यांना राहायला तळमजल्यावर फ्लॅट मिळाला आणि एक गाळा, ज्यात माझं दुकान आहे. तो सहा फुटांचा पट्टा म्हणजे त्यांच्या शेताचा जुना बांध. बिल्डरच्या कागदावर बांध-बिंध काही नाही, सगळं एकच. पण बाबा म्हणायचे, "शेत इकला. बांध नाय इकला. बांध कोन इकतो?" कोकणातल्या मातीत वाढलेल्या माणसाशी बांधावरून वाद घालू नये, हे मी मालवणातल्या माझ्या काकांच्या कोर्टातल्या खेपा बघून शिकलो होतो. म्हणून गप्प बसलो.

आणि मीच घात केला. सोसायटीचा सेक्रेटरी मी. लोकांना वाटलं, हा माणूस सगळ्यांवर ओरडतो, तर सोसायटीसाठी ओरडू दे. पार्किंगची बोंब होतीच. सभेत ठराव आला, की मागच्या पट्ट्यात पेव्हर ब्लॉक टाकायचे आणि तिथे दुचाक्या लावायच्या. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं की दुकानापुढच्या स्कूटर मागे जातील आणि बँडेज मागणारं गिऱ्हाईक निदान एकदा तरी थेट माझ्यापर्यंत पोचेल. नोटीस मीच लिहिली, मीच सही केली, मीच बोर्डावर लावली. बाबा संध्याकाळी बोर्डापुढे उभे राहिले. खरखरीत चष्म्यातून हळूहळू वाचलं. मग मला विचारलं, "जावय, ही सही तुमची?"

"हो."

"बरी आली हाय," म्हणाले आणि घरात गेले.

मला वाटलं होतं, भांडतील, शिव्या घालतील, निदान बायकोकडून निरोप धाडतील. काही नाही! मी भांडणाची सगळी तयारी करून बसलो होतो, ती तशीच राहिली. काम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दिवेलागण झाली, देवापुढे बायकोनं दिवा लावला आणि बाबा मागे गेले नाहीत. अक्षतांची वाटी फळीवर तशीच होती.

सकाळी नऊला टेम्पो आला. कामगारांनी गेटच्या बाजूनं फावडं मारायला सुरुवात केली, चार-पाच ब्लॉक बसवलेसुद्धा. बाबा आपलं निळं स्टूल घेऊन मागच्या बाजूला जाऊन बसले होते, हात मांडीवर ठेवून. मी दुकानात खोकी फोडत होतो. चिडलेलो होतो, का ते विचारू नका. कफ सिरपचं खोकं, वर दोन पदरी चिकटपट्टी, कटर सटकला आणि डाव्या अंगठ्याच्या बुडाशी सर्रकन गेला. रक्त बघून माझं काय झालं सांगू? माझ्या पाठीमागे कापूस, गॉज, चिकटपट्टी, मलमांचे अकरा प्रकार. आणि मी, बी. फार्म., हात वर धरून धावत सुटलो तो थेट बिल्डिंगच्या मागे!

"बाबा! बाबा, पाला!"

ते ताडकन उठले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण रक्त बघितलं की त्यांच्यात पंचवीस वर्षांचा पैलवान शिरायचा. माझा हात धरला, जखम बघितली, "माझीच हाय," म्हणाले, म्हणजे टाक्याची नाही. वाकले. पानांपर्यंत हात नेला आणि तिथेच थांबले. मग हात मागे घेतला.

"नाय जमायचा, जावय."

"अहो, काय नाही जमायचं? रक्त वाहतंय माझं!"

"काल आवतान नाय दिला."

"मग द्या की आता! मी थांबतो!"

"तसा नाय व्हत." ते कामगारांच्या फावड्यांकडे बघत होते. "ज्याला आज उपटून टाकायचा, त्याला काल कुठल्या तोंडानं बोलवायचा व्हता? येवढा हलकट मी नाय."

त्यांनी अंगठ्यानं माझी जखम घट्ट दाबली आणि मला हाताला धरून माझ्याच दुकानात आणलं. नळाखाली हात धुतला. काचेचं कपाट उघडलं, आयुष्यात पहिल्यांदा. पट्टीचा गुंडाळा कसा सुटतो ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून दातानं फाडला. आणि काय बांधलीय म्हणता! अंगठा, तळवा, मनगट, सगळं एक करून ठेवलं. मी आपोआप आकडे मोजत होतो. चाळीसला आलो आणि बघतो तर ते खाली मान घालून गाठ मारतायत आणि टोपीखाली त्यांचे डोळे भरलेत. मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली! ज्या माणसानं रोज संध्याकाळी माझं नाव घेतलं, त्याच्या बांधावर मी फावडं आणलं होतं.

मी तसाच मागे गेलो, तो पांढरा गोळा वर धरून, आणि ओरडलो, "बंद करा!" कामगार थांबले, कारण माझा हात बघून त्यांना वाटलं मोठा अपघात झालाय. अध्यक्ष गॅलरीतून म्हणाले, "अहो, ठराव पास झालाय! सही तुमचीच आहे!" मी म्हटलं, "सही माझी आहे आणि अक्कलही माझीच आहे, ती उशिरा आली!" दोन तास खडाजंगी झाली. तिसऱ्या मजल्यावरची नव्या सुरीवाली बाई खाली येऊन बोलली, वॉचमन अंगठा दाखवत बोलला, क्रिकेटवाल्या पोरांच्या आया बोलल्या. शेवटी तीन फूट ब्लॉक, तीन फूट बांध, आणि दुचाक्या तिरक्या लावायच्या, असं ठरलं. सेक्रेटरीपद माझं गेलं. त्या संध्याकाळी बाबा वाटी घेऊन मागे गेले. आवतण द्यायच्या आधी बराच वेळ काहीतरी समजावत होते. मी लांब उभा होतो. फक्त "लहान हाय तो, चुकला," एवढं ऐकू आलं. मी बावन्न वर्षांचा आहे.

मग थंडीत त्यांच्या छातीत दुखलं. दवाखाना झाला, घरी आले, आणि डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी लिहून दिली. ती द्यायचं काम माझ्याच नशिबी! गोळी तळहातावर घेऊन त्यांनी मला विचारलं, "जनमभर रगत थांबवला. आता तो थांबू नये म्हनून गोली खाऊ?" मी खूप समजावलं. आतल्या आत गुठळी होऊ नये म्हणून असते, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं, गोळी गिळली आणि पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणाले, "डॉक्टरची सुई, डॉक्टरची गोली. बरा." मोठं हॉस्पिटल जवळ म्हणून मेहुण्यानं त्यांना खारघरला नेलं, चौदाव्या मजल्यावर. निघताना त्यांनी अक्षतांची वाटी माझ्या हातात दिली. "चुकवू नका," एवढंच बोलले. निळं स्टूल दुकानाबाहेरच राहिलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन. "जावय, गेलाव का?" "जातो हो, गिऱ्हाईक आहे." "गिर्‍हाईक थांबंल, दिवस नाय थांबनार." मग मी आधी इकडेतिकडे बघतो, कुणी बघत नाही ना, आणि मुठीत अक्षता घेऊन तीन फुटांच्या बांधाशी उभा राहतो. पहिले आठ दिवस तोंडातून शब्द फुटेना. हळूहळू जमलं. दोन गुडघे, वॉचमनचा अंगठा, तिसऱ्या मजल्यावरच्या बाई. स्वतःचं नाव घ्यायला लाजायचो, पण घ्यायचो. आणि शेवटी, त्यांनी न सांगता, त्यांचं. चौदाव्या मजल्यावर एक म्हातारे आहेत, रक्त पातळ आहे, त्यांच्यासाठी या.

गेल्या रविवारी सकाळी मेहुण्याचा फोन. "दाजी, बाबांना दाढी करताना लागलंय. रक्त थांबत नाहीये, आणि हॉस्पिटलात चला म्हटलं तर म्हणतात, आधी जावयाला फोन लाव." मी म्हटलं, "स्वच्छ फडकं घट्ट दाबून धर, घड्याळ लावून दहा मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. तरी आलं तर सरळ घेऊन जा, मी तिथेच येतो." बायको म्हणाली, "जाताना..." मी तोवर बिल्डिंगच्या मागे पोचलोसुद्धा होतो. पानं खुडली, धुतली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि स्कूटर अशी हाणली की माझ्यासाठीच पाला लागला असता.

ते गॅलरीत बसले होते, हनुवटीला नॅपकिन, गळ्यात अजून साबण. रक्त केव्हाच थांबलं होतं. जखम म्हणाल तर तिळाएवढी. खाली सगळं खारघर पसरलेलं आणि एवढ्या उंचीवर मूठभर माती नाही. मी रुमाल उघडला. त्यांनी पानांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हात आखडूनच विचारलं, "काल आवतान दिला व्हता?"

"दिलं होतं."

"पोरांच्या नावानं?"

"तुमच्या नावानं. रोज देतो."

त्यांनी स्वतःच नॅपकिन बाजूला केला आणि लहान पोरासारखी हनुवटी पुढे केली. मी डाव्या तळव्यावर चार पानं घेतली आणि अंगठ्यानं चुरायला लागलो. जिथे कटर लागला होता तिथे अजून त्वचा जरा ओढते. रस काही केल्या निघेना.

"दमानं," ते म्हणाले. "घाई नाय. बांधावरचा हाय, येल."

मग त्यांनी आकाशाकडे बघितलं आणि मोठ्यानं आकडे मोजायला सुरुवात केली.